एडिसनहून फ्रीमाँटला, गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्यापैकी सांगलीकराला कॅलिफोर्नियात नवी नोकरी मिळाली आणि न्यू जर्सीतील एडिसन येथील त्याचे बिऱ्हाड फ्रीमाँटला हलवायचे ठरले. मोठे सामान वाहतूकदाराकडे सोपवता येत होते, पण गाडीचा प्रश्न उरला. ती ट्रकवर चढवून पाठवायला किती खर्च येईल याची त्याने चौकशी केली, तो आकडा आम्हाला सांगितला, आणि त्याच संध्याकाळी ती चालवत नेण्याचे नक्की झाले. पुण्यात एकाच महाविद्यालयात शिकलेलो आम्ही चौघे, म्हणजे सांगलीकर, डोंबिवलीकर, नाशिकची माझी मैत्रीण आणि मूळची दापोलीची मी, दहा वर्षे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहत होतो, पण शिकागोच्या पलीकडचा देश आम्ही विमानाच्या खिडकीतूनच काय तो पाहिला होता.

निघण्याचा दिवस आम्ही ठरवला, शनिवार, २ सप्टेंबर. पोहोचण्याचा दिवस पंचांगाने ठरवला. नव्या घरात खुर्ची नसली तरी चालेल, पण गणपती बसला पाहिजे, असे सांगलीकराचे म्हणणे होते. त्या वर्षी तिथीच्या वेळा अशा होत्या की अमेरिकेतील पंचांगाप्रमाणे चतुर्थी १८ सप्टेंबरला येत होती आणि भारतात १९ ला. त्याच्या आईने फोनवर निर्णय दिला, "आपल्या घरचा गणपती, तो घरच्या दिवशीच बसवा." त्या एका वाक्याने आम्हाला एक दिवस जास्तीचा मिळाला. १८ तारखेच्या रात्रीपर्यंत फ्रीमाँटला पोहोचायचे, म्हणजे हाती सतरा दिवस होते.

जून महिन्यातले चार शनिवार नकाशासमोर गेले. पहिल्या यादीत अकरा राष्ट्रीय उद्याने होती. ती मावणार नाहीत हे दिसत असूनही नाव खोडायला कोणी तयार नव्हते. डोंबिवलीकराला मोंटानातील ग्लेशियर हवे होते, मैत्रिणीला युटातील झायन. शेवटी आम्ही नियम केला की साउथ डकोटापर्यंतचे पल्ले सोडले तर दिवसाला सहा तासांहून अधिक गाडी चालवायची नाही आणि वायोमिंगपासून पुढे अंधार पडल्यावर रस्त्यावर राहायचे नाही, कारण तिन्हीसांजेला हरणे रस्त्यावर येतात. नियम कागदावर मांडताच ग्लेशियर आणि झायन दोन्ही गळाली. वाईट वाटले, पण कोणाच्या हट्टाने कोणाचे ठिकाण गेले असे झाले नाही, आणि पुढच्या सतरा दिवसांत त्याचा फार उपयोग झाला.

जे असा प्रवास करू इच्छितात त्यांच्यासाठी तयारीतल्या काही गोष्टी नोंदवून ठेवते. गाडी सांगलीकराच्या नावावर होती आणि चालवणार चौघे, म्हणून विमा कंपनीला आधीच विचारून, आमच्या तिघांच्या हातून अपघात झाला तर विमा लागू होतो याची लेखी खात्री त्याने करून घेतली. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २०२३ मध्ये ८० डॉलरचा होता आणि तो एका गाडीतील सर्वांना चालत असे. शेवटी आम्ही जी सात ठिकाणे पाहिली त्यांचे वेगवेगळे प्रवेशशुल्क २२५ डॉलर होत होते. यलोस्टोनच्या आतली निवासस्थाने जूनमध्ये शोधायला गेल्यावर एकही रिकामे नव्हते, म्हणून पश्चिम दाराबाहेरील वेस्ट यलोस्टोन गावात तीन रात्री घेतल्या. युटातील आर्चेसला त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सकाळी ७ ते दुपारी ४ या वेळेत प्रवेश करायचा तर आगाऊ वेळ राखून ठेवणे बंधनकारक होते. दोन डॉलरचे ते आरक्षण तीन महिने आधी खुले होते, ते आम्ही पहिल्याच सकाळी केले.

आणखी एक गोष्ट मात्र मनाला लागली. सांगलीकराने कुंडीत वाढवलेले, कमरेइतके उंच झालेले कढीपत्त्याचे झाड कॅलिफोर्नियात नेता येत नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्यांच्याच कुळातला. त्या फळबागा मारून टाकणारा रोग पसरवणारी कीड त्याच्यावरही बसते, म्हणून राज्याच्या कृषी खात्याने त्याला मज्जाव केला आहे. नियम रास्त आहे. तरी निघायच्या दिवशी पहाटे शेजारच्या गुजराती मावशींच्या ओसरीवर ते झाड ठेवताना तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

पहिले दोन दिवस अंतर कापण्यात गेले. पेनसिल्व्हेनियाच्या हिरव्या डोंगरांतून क्लीव्हलँड, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी इंडियाना ओलांडून शिकागो. या दोन दिवसांत महामार्गांच्या क्रमांकांतली व्यवस्था अंगवळणी पडली. १९५६ च्या कायद्याने उभारलेल्या आंतरराज्य महामार्गांत पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम आणि दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना विषम क्रमांक आहेत. सम क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात, विषम क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे. आम्ही ८० वरून निघून ९० वर चढलो म्हणजे उत्तरेला सरकलो, हे नकाशा न उघडता कळते. चालकाची पाळी दोन तासांची, आणि चालकाशेजारी बसलेल्याने झोपायचे नाही, असा आमचा शिरस्ता होता. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट होते. भाताचा विजेचा कुकर मोटेलच्या खोलीत रोज रात्री लागत असे.

शिकागोत एक पूर्ण दिवस ठेवला होता. तळ्याकाठचे शहर पाहिले, उंच इमारती पाहिल्या, पण आमच्यासाठी तिथे एकच जागा आधीपासून ठरलेली होती. मिशिगन अव्हेन्यूवरील आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. समोरच्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांचे नाव दिले आहे. ती पाटी वाचताना मैत्रीण म्हणाली, की शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात हे शहर कधी दिसतच नव्हते, फक्त फेटा दिसायचा. तेवढ्या एका पाटीसाठीही तो दिवस सार्थकी लागला असे मला मनापासून वाटते.

पुढचा दिवस मक्याचा. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आणि रात्री साउथ डकोटातील सू फॉल्स, सुमारे पावणेसहाशे मैल. त्याच्याही पुढच्या सकाळी चेंबरलेन येथे मिसूरी नदी ओलांडली आणि पुलाच्या दोन टोकांना दोन वेगळे प्रदेश असावेत तसा देखावा पालटला. अलीकडे शेते होती, पलीकडे गवताळ, ओसाड माळ. तिथून पुढे केव्हातरी घड्याळ एक तास मागे गेले. एडिसनहून निघाल्यापासून हे दुसऱ्यांदा.

इथे माझ्या पेशाबद्दल सांगायला हवे, कारण या प्रवासाकडे मी त्याच्याच डोळ्यांनी पाहिले. इमारतीच्या पायाखालची माती आणि खडक तपासणे हे माझे काम. दापोलीच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, घाटात गेले की काळा बेसाल्ट, या दोन दगडांच्या पलीकडे लहानपणी माझे जग नव्हते. बॅडलँड्समध्ये गाडीतून उतरले तेव्हा पहिल्यांदा जाणवले, की इथे डोंगर उभे राहिलेले नसून उरलेले आहेत. गाळाचे थर एकावर एक, तांबूस, पिवळे, राखाडी, आणि पाण्याने त्यांना इतके कोरले आहे की सुळक्यांची एक रांग दुसरीसारखी नाही. इथले मूळ रहिवासी लकोटा लोक या भूमीला माको शिचा म्हणतात, अर्थ वाईट जमीन. ही जमीन वर्षाला सुमारे एक इंच झिजते. दगडाच्या हिशेबात हा वेग प्रचंड आहे. झिजेतून जीवाश्म उघडे पडतात, आणि २०१० मध्ये एका सात वर्षांच्या मुलीला उद्यानाच्या माहिती केंद्राजवळच तलवारदंती मार्जाराची कवटी दिसली होती. कोणाला असे काही दिसले तर हात न लावता जागा नोंदवून रेंजरला कळवायचे, असा नियम आहे. सूर्य मावळताना आम्ही पिवळ्या टेकड्यांपाशी होतो. चौघांपैकी कोणीही अर्धा तास बोलले नाही, आणि आमच्या मैत्रीत हे क्वचितच घडते.

माउंट रशमोरपाशी आम्ही चाळीस मिनिटे थांबलो. १९२७ ते १९४१ या काळात डोंगरात कोरलेले ते चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे तांत्रिकदृष्ट्या अचाट आहेत, परंतु ज्या ब्लॅक हिल्समध्ये ते कोरले त्या १८६८ च्या करारात लकोटांना देऊ केलेल्या होत्या, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली भरपाई त्यांनी अजून स्वीकारलेली नाही, कारण त्यांना जमीन हवी आहे. हे ठाऊक असताना तिथे छायाचित्रे काढावीशी वाटली नाहीत.

दुपारी वायोमिंगमध्ये शिरून डेव्हिल्स टॉवर गाठला. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी घोषित केलेले हे देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक. पायथ्यापासून ८६७ फूट उंच, आणि सगळा खडक उभ्या स्तंभांचा. लाव्हा किंवा जमिनीखालचा शिलारस निवताना आकसतो आणि भेगा पडून असे बहुकोनी खांब तयार होतात. डोंबिवलीकराने वर पाहिले आणि लगेच म्हणाला, "अगं, हे तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखं आहे!" त्याचे बरोबर होते. खडकाचा प्रकार वेगळा, पण घडण्याची रीत तीच. अंधेरीचा तो स्तंभ चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेला आहे, इथे भोवती पाइनचे रान. झाडांना बांधलेली रंगीत कापडे दिसली, ती मूळच्या जमातींच्या प्रार्थनांची. त्यांना हात लावू नये, जवळून छायाचित्रही घेऊ नये, अशी विनंती तिथे लिहिली आहे. या खडकावर गिर्यारोहण चालते, मात्र जूनमध्ये या जमातींच्या विधींच्या आदरापोटी चढाई टाळावी असे आवाहन केले जाते.

दुसऱ्या दिवशी बिगहॉर्न पर्वत उतरून आल्यावर मागचे डावे चाक बसले. जादा चाक डिकीच्या तळाशी, आणि डिकीत सांगलीकराचा अर्धा संसार. देवांचा पितळी डबा, समई, पाट, पुस्तकांची खोकी, कुकर, घडीच्या सतरंज्या, सगळे रस्त्याच्या कडेला गवतावर मांडून ठेवावे लागले. मोबाइलला सिग्नल नव्हता. एक पिकअप ट्रक थांबला, त्यातून उतरलेल्या वृद्ध गृहस्थांनी आमचा छोटा जॅक पाहून मान हलवली, स्वतःचा मोठा जॅक काढला आणि वीस मिनिटांत चाक बदलून दिले. गवतावरची समई उचलून त्यांनी ती कशासाठी असते असे विचारले. मैत्रिणीने सांगितले, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी तिच्याकडे दिली. जादा चाक लहान आकाराचे असल्याने पुढच्या गावापर्यंत ताशी ५० मैलांच्या आत जावे लागले. तिथल्या दुकानात मूळ चाकातून खिळा काढून तासाभरात पंक्चर निघाले. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला मी आता एकच सांगते, सामान भरताना जादा चाकापर्यंत हात पोहोचेल असे भरा.

यलोस्टोनला तीन दिवस दिले आणि तेही कमीच पडले. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या पोटात ज्वालामुखी आहे, आणि जमिनीखालच्या त्या उष्णतेमुळे दहा हजारांहून अधिक उष्ण झरे, चिखलाची उकळती डबकी आणि गीझर, म्हणजे जमिनीतून अधूनमधून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, इथे आहेत. दापोली तालुक्यातील उन्हवऱ्याला गरम पाण्याचे कुंड आहे. आजीबरोबर तिथे स्नानाला जात असे, आणि गरम पाणी म्हणजे माणसाने उतरण्यासाठीच असते ही माझी समजूत तिथली. यलोस्टोनमध्ये लाकडी पायवाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकायचे नाही. वरचे कवच पापुद्र्याइतके पातळ असू शकते आणि खाली उकळते, आम्लयुक्त पाणी. २०१६ मध्ये नॉरिस भागात पायवाट सोडून गेलेल्या एका तरुणाचा त्यात मृत्यू झाला. मैत्रिणीने पहिल्याच फेरीत माझा हात धरला तो सुटला नाही.

ओल्ड फेथफुल हा गीझर किती वाजता उसळेल हे पाटीवर लिहिलेले असते, दहा मिनिटे पुढेमागे. हा अंदाज मागच्या उसळीवरून काढतात. ती थोडा वेळ टिकली तर पुढची लवकर येते, आणि दीर्घकाळ टिकली तर साधारण दीड तासाने, कारण रिकामी झालेली पोकळी पुन्हा भरून तापायला तेवढा वेळ लागतो. आम्ही लागोपाठ तीन उसळ्या पाहिल्या. पहिली पाहताना गर्दीसारखेच ओरडलो, तिसऱ्या वेळी मी हातात घड्याळ घेऊन उसळीची सेकंदे मोजत होते.

ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्याच्या बाबतीत आमची चूक झाली. सकाळी आठला पोहोचलो तेव्हा थंडीमुळे वाफेचा पडदा इतका दाट होता की रंग दिसलेच नाहीत. दुपारी परत येऊन फेअरी फॉल्सच्या वाटेवरील टेकडीवरून पाहिले, तेव्हा मधोमध निळेशार पाणी आणि काठाला पिवळा, नारिंगी, तपकिरी असे वलयांकित पट्टे दिसले. निरनिराळ्या तापमानात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे हे रंग आहेत. याच उद्यानातल्या एका उष्ण झऱ्यात १९६६ मध्ये टॉमस ब्रॉक यांना जो जिवाणू सापडला त्याचे विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर तंत्राचा आधार झाले. करोनाच्या काळात नाकात काडी घालून झालेल्या आरटी-पीसीआर चाचणीचे मूळ इथल्या उकळत्या पाण्याशी जोडलेले आहे. नाशिकची मैत्रीण प्रयोगशाळेत काम करते. ती टेकडीवर कितीतरी वेळ कठड्याला टेकून उभी राहिली आणि नंतर एवढेच म्हणाली, "हे माझं तीर्थक्षेत्र आहे."

हेडन खोऱ्यात बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यांच्या, कळपाने रस्ता अडवला आणि गाड्या तासभर जागच्या हलल्या नाहीत. गव्यांपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड दूर राहायचे असा नियम आहे. गव्यांना तो ठाऊक नसल्याने ते आमच्या आरशाला घासून गेले. मॅमथ हॉट स्प्रिंग्सला एल्क या मोठ्या हरणाच्या नरांचे ओरडणे ऐकले. इतक्या थोर प्राण्याच्या गळ्यातून बासरीसारखा चिरका, उंच स्वर निघतो यावर ऐकूनही विश्वास बसत नव्हता.

टीटन पर्वतरांगेपाशी आमचे भांडण झाले. अकरावा दिवस, सगळे थकलेले, आणि मला जेनी तळ्याकाठी आणखी दोन तास हवे होते. डोंबिवलीकराला सॉल्ट लेक सिटीला वेळेवर पोहोचायचे होते, कारण त्याची पाळी घाटातली होती आणि रात्रीचा नियम त्यानेच धरून ठेवला होता. मी चिडून बोलले. गाडीत दीडशे मैल कोणी कोणाशी बोलले नाही. सॉल्ट लेकच्या मोटेलवर त्याने भात लावला, मी मेतकुटाचा डबा काढला, आणि जेवताना मी त्याची माफी मागितली. तो बरोबर होता.

आर्चेसमध्ये दगड लाल. जांभ्याची मला आठवण आली आणि तिला कारणही आहे, कारण दोन्हींचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. मात्र जांभा म्हणजे पावसाने खडक कुजून तयार झालेला दगड, आणि हा वाळूचा दगड कोरड्या प्रदेशात टिकून राहिलेला. खाली मिठाचे जाड थर आहेत. वरच्या ओझ्याने ते सरकले, वरचा खडक भेगाळला, भेगांतून भिंती सुट्या झाल्या आणि भिंतींना भोके पडून कमानी झाल्या. अशा दोन हजारांहून अधिक कमानी इथे आहेत आणि त्या कायमच्या नाहीत. वॉल आर्च ही मोठी कमान ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत कोसळली. डेलिकेट आर्चची वाट जाऊन येऊन तीन मैलांची, सावली नाही, उघड्या खडकावरची चढण. प्रत्येकी तीन लिटर पाणी नेले आणि ते पुरते संपले.

मॉन्युमेंट व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. ते नावाहो लोकांचे आदिवासी उद्यान आहे, त्यामुळे आमचा पास तिथे चालत नाही आणि वेगळे शुल्क द्यावे लागते. ते द्यायला आनंदच वाटला. घड्याळाचा खरा गोंधळ इथे झाला. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो प्रदेश करतो. सकाळी निघून ग्रँड कॅन्यनला पोहोचेपर्यंत आम्हाला एक तास फुकट मिळाला.

ग्रँड कॅन्यनबद्दल लिहायला मी सर्वांत जास्त बिचकते आहे. २७७ मैल लांबीची, काही ठिकाणी १८ मैल रुंद आणि सुमारे एक मैल खोल दरी पहिल्या क्षणी डोळ्यांत मावत नाही, रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट दिसते. खोली कळायला वेळ लागतो. दक्षिण कड्यावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची फरसबंद वाट आहे. तिच्यावर जमिनीत धातूच्या खुणा बसवल्या आहेत आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. वाटेच्या कडेला त्या त्या वयाचे, दरीतून आणलेले खडक ठेवले आहेत. आजच्या काळापासून मी चालायला सुरुवात केली. ६६ व्या मीटरला थांबले. आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. रायगड, राजगड, वेरूळची लेणी, आंबेनळीचा घाट, माझ्या आयुष्यातला सगळा काळा दगड त्या ६६ पावलांच्या आत संपला. मागे वळले तर सुरुवातीचा फलक अजून वाचता येत होता. ज्या कड्यावर आम्ही उभे होतो त्याचा चुनखडक २७० मीटरला आला. आणि तळाशी नदीकाठी दिसणारा सर्वांत जुना खडक येईपर्यंत दीड किलोमीटरहून जास्त चालावे लागले. सांगलीकर माझ्याबरोबर शेवटपर्यंत आला. त्याने काही विचारले नाही. एका फिकट पट्ट्याच्या खडकावर हात ठेवून तो उभा राहिला.

त्या तळाच्या खडकांचे नाव विष्णू. समोर दरीतून उठलेल्या शिखरांची नावे विष्णू टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात इथल्या शिखरांना पौर्वात्य देवतांची नावे देण्याचा पायंडा पाडला. आपली नावे परक्या नकाशावर पाहून अभिमान वाटला, पण थोड्याच वेळात दुसरा विचारही आला. इथे शेकडो वर्षे राहिलेल्या हावासुपाई लोकांची नावे त्या शिखरांवर नाहीत. दरीतल्या एका थांब्याला २०२२ मध्ये हावासुपाई गार्डन्स असे नाव दिले गेले, ते त्यांच्या मागणीवरून. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्राइट एंजल वाटेने दीड मैल खाली उतरून विश्रामगृहापर्यंत गेलो आणि ऊन चढायच्या आत परतलो. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला लागला, आणि तो धरूनच निघावे लागते.

लास व्हेगासला फक्त झोपलो.

पुढे डेथ व्हॅली ठरवली होती, पण २० ऑगस्टला हिलरी वादळाच्या अवशेषांनी तिथे एका दिवसात वर्षाइतका पाऊस पाडला, रस्ते वाहून गेले आणि ते उद्यान आम्ही जात असताना पूर्ण बंद होते. त्यामुळे उत्तरेला टोनोपापर्यंत जाऊन, तिथे टाकी पूर्ण भरून, निर्मनुष्य अशा ६ क्रमांकाच्या रस्त्याने कॅलिफोर्नियात शिरलो. सीमेवरच्या कृषी तपासणीत अधिकाऱ्याने फळे आणि झाडे आहेत का असे विचारले. चार लिंबे होती, ती दिली. सांगलीकर कढीपत्त्याविषयी काही बोलला नाही, आम्हीही नाही.

शेवटची सकाळ, १८ सप्टेंबर. मोनो तळ्याकाठच्या ली व्हायनिंगहून टायोगा खिंडीत चढलो, ९,९४३ फुटांवर. त्या हिवाळ्यात इतके बर्फ पडले होते की हा रस्ता २२ जुलैला उघडला. ओल्मस्टेड पॉइंटला ग्रॅनाइटचे उघडे पठार आहे आणि त्यावर हिमनदीने घासून केलेली तुळतुळीत झळाळी अजून शिल्लक आहे. त्या खडकावर मी अनवाणी उभी राहिले. योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटानची तीन हजार फुटांची सलग भिंत पाहताना मैत्रीण मान वर करून गाडीच्या टपाला टेकली आणि निघायची वेळ झाली तरी हलेना. माझ्याजवळ सतरा दिवसांत एकही दगड जमा झाला नाही, कारण राष्ट्रीय उद्यानातून खडाही उचलणे बेकायदेशीर आहे. वहीत मात्र चाळीस पाने भरली होती.

बदामाच्या बागा ओलांडून रात्री नऊला फ्रीमाँटला पोहोचलो. गाडीच्या काट्यावर एडिसनपासून साडेचार हजारांहून थोडे अधिक मैल झाले होते. सामानाचा ट्रक अजून आला नव्हता, घर रिकामे होते. चौघांनी फरशी पुसली, कोपऱ्यात पाट मांडला, खोक्यांवर आईने दिलेले जरीचे वस्त्र अंथरले. साडेअकराला सांगलीहून फोन आला. तिथे १९ तारखेचे दुपारचे बारा वाजले होते, गुरुजींची प्राणप्रतिष्ठा चालू होती, आणि सांगलीकर दाराशी बसून फोनच्या पडद्यावर ती पाहत राहिला.

सकाळी सातला आमचा गणपती बसला. एडिसनला असताना घर साडेनऊ तास पुढे होते. वाटेत एकेक तास मागे पडत ते अंतर साडेबारा तासांचे झाले होते, त्यामुळे सांगलीत तेव्हा संध्याकाळच्या आरतीची वेळ झाली होती. फोन समईशेजारी उभा केला. तिकडून टाळांचा आवाज आला आणि इकडून आम्ही चौघांनी सूर धरला.